आधी वाक्य दाखवा

ऑफिसात सगळे त्यांना सर म्हणायचे. खरं तर ते तिथं कुणाचेही सर नव्हते. हुद्द्यानं ते आणि मी अगदी सारखे. दोघांच्याही गळ्यातल्या ओळखपत्रावर 'ॲनोटेटर' एवढंच लिहिलेलं. पण मी तेवीस वर्षांची आणि ते पन्नाशी ओलांडलेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. आमच्या कामात कागद नावालाही नव्हता, सगळं स्क्रीनवर, तरी पेनं दोन. एकदा मी विचारलं, "सर, दुसरं कशाला?" तर म्हणाले, "पहिलं कुणीतरी मागतं."

वारज्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला एका फर्निचरच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. काम असं, की स्क्रीनवर इंग्रजी वाक्य यायचं, त्यातल्या एकेका शब्दावर क्लिक करायचं आणि तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, ते निवडायचं. शाळेत जे आपण मार्कांसाठी नाइलाजानं करतो, ते आम्ही पगारासाठी दिवसभर करायचो. आमच्या क्लिकांवरून कुठलंसं मशीन इंग्रजी शिकत होतं. घरी आईला हे पटवून देता देता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी तिनं तिच्यापुरता मार्ग काढला. शेजारी कुणी विचारलं की सांगायची, "कम्प्युटरच्या शिकवण्या घेते."

अनिकेत आमचा लीड. वयानं माझ्याहून थोडाच मोठा, मुलगा चांगला, पण सतत कुणीतरी मागे लागल्यासारखा चालायचा. पहिल्या दिवशी त्यानं फळ्यापाशी उभं राहून समजावलं, "काही अवघड नाहीये, गाइज. आपलं शाळेतलंच आहे. शब्दांच्या जाती ओळखा."

"कामं," मागून आवाज आला.

"काय सर?"

"शब्दांची कामं ओळखा. जाती नको."

"पण पुस्तकात जातीच म्हणतात ना?"

"पुस्तकात म्हणतात. आपण कामं म्हणू. काम बघून कळतं. जात न बघताच ठरवलेली असते."

आवाज जराही चढलेला नव्हता. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे सरकवायला सांगावी, तसं सांगितलं.  अनिकेतनं फळ्यावरचं पुसलं आणि 'कामं' असं लिहिलं. त्या ऑफिसात पुढं कुणीही दुसरा शब्द वापरला नाही.

सरांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. आम्ही सगळे कानात गाणी घालून क्लिक-क्लिक करत सुटायचो. सर प्रत्येक वाक्य आधी तोंडातल्या तोंडात म्हणून बघायचे. ओठ हलायचे, मान हलायची, मग एक क्लिक. शब्द अडला, की ते माऊस सोडून द्यायचे, खुर्ची मागे रेटायचे आणि हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत बसायचे. दवाखान्यात पेशंट आत आला की जुने डॉक्टर नुसतं बघतात ना, तसं. शेजारच्या श्रुतीला ह्याचा फार त्रास व्हायचा. "सर, तो शब्द पळून नाही जाणार," ती म्हणायची. सर म्हणायचे, "म्हणूनच घाई नाही."

आणि आनंद व्हायचा तो अशाच गोष्टींचा. एकदा चतुर्थी होती. श्रुतीनं डबा उघडता उघडता सांगितलं, "आज माझा फास्ट आहे." तेवढ्यात अनिकेत दारातून ओरडला, "गाइज, आज जरा फास्ट!" आणि सरांच्या स्क्रीनवर वाक्य होतं एका नावेचं. ती किनाऱ्याला 'फास्ट' बांधलेली होती, म्हणजे घट्ट. सर ताडकन उठून उभे राहिले. "तीन!" म्हणाले. "एकाच मिनिटात तीन! एक उपाशी, एक घाईत आणि एक घट्ट!" अनिकेतला वाटलं, तीन तक्रारी आल्या. सर मात्र खाली उतरून सगळ्यांना चहा सांगून आले. लॉटरी लागल्यावर माणसं पेढे वाटतात, सरांनी त्या 'फास्ट'चा चहा पाजला.

आम्ही दोघंही नारायण पेठेत राहायचो. मी जन्मापासून, ते अलीकडे, मुलीकडे. मुलगी एका हॉस्पिटलात नर्स होती. सरांनी तिकडे भंडाऱ्याच्या बाजूला एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात वीसेक वर्षं तासांवर इंग्रजी शिकवलं होतं. कायम होण्याची वाट बघत राहिले आणि त्या वाट बघण्यात कॉलेजच बंद पडलं. सकाळी आम्ही लकडी पूल ओलांडून डेक्कनला यायचो आणि वारज्याची बस धरायचो. बस स्वारगेटहूनच भरून यायची, त्यामुळे गप्पा उभ्यानं. अशाच एका सकाळी मी त्यांना त्या पहिल्या दिवसाबद्दल विचारलं.

"आमच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं, शब्दांच्या जाती सांगा," सर म्हणाले. "मागच्या बाकावरून एकानं सांगितलं, आधी ह्याची विचारा, गुरुजी. वर्ग हसला."

"आणि गुरुजी?"

"गुरुजी पण हसले."

बस कर्वे रोडला वळली. सर वरचा दांडा धरून बाहेर बघत होते.

"आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. आम्ही बौद्ध. घरात कुणाला काही शंका नव्हती. गावाला होती. गाव विचारायचं, ते ठीक आहे, पण आधीचे कोण?" त्यांनी दांड्यावरचा हात बदलला. "मग पुढच्या वर्षी इंग्रजीच्या तासाला तेच प्रकरण आलं. पण तिथं नाव होतं 'पार्ट्स ऑफ स्पीच'. पार्ट म्हटल्याबरोबर मला सगळं कळलं."

"पार्ट म्हणजे भाग ना?"

"तुमच्याकडे भाग. आमच्या झाडीपट्टीत पार्ट म्हणजे नाटकातलं काम. धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात. माझा बाप काम करायचा. कंपनीत माणसं कमी, म्हणून बाप पहिल्या अंकात राजा आणि तिसऱ्यात हवालदार. आता मधल्या अंकात, विंगेत बिडी ओढत बसलेला असताना त्याला धरलं आणि विचारलं, तू कोण? तर तो काय सांगणार? तो म्हणेल, पडदा वर जाऊ द्या, मग सांगतो."

मी हसले. सरही हसले, बापाची आठवण आल्यावर माणूस हसतो तसं.

"शब्दाचं तेच. त्याला एकट्याला गाठून विचारू नये. आधी वाक्य दाखवा."

हे 'आधी वाक्य दाखवा' आम्ही त्यांच्याकडून दिवसातून कितीतरी वेळा ऐकायचो. कुणी लांबून हाक मारून विचारलं, "सर, 'राउंड' काय हो?" की इकडून उत्तर ठरलेलं.

सर प्रत्येक वेळी जिंकायचे असं मात्र नाही. 'वर्थ' ह्या शब्दापायी त्यांनी क्लायंटला पानभर ई-मेल लिहिली. क्लायंटच्या नियमात तो विशेषण होता, सरांच्या मते शब्दयोगी अव्यय. बंगळूरहून दोन ओळींचं उत्तर आलं, की विशेषणच धरा. सरांनी ते मुकाट्यानं पाळलं. फक्त प्रत्येक 'वर्थ'वर विशेषणाचं बटण दाबताना ते हळूच म्हणायचे, "आम्ही वेगळं मानतो." आम्हाला ते इतकं आवडलं, की खालच्या वडापाववाल्याचं कुणी कौतुक केलं तरी चार जण एकदम म्हणायचे, "आम्ही वेगळं मानतो."

मग ती यादी आली.

लहान मुलांसाठी इंग्रजी गोष्टींचं एक ॲप निघणार होतं. मूल गोष्ट वाचणार, न कळलेल्या शब्दावर बोट ठेवणार, आणि तो शब्द काय आहे आणि त्याचा अर्थ काय, ते तिथंच मराठीत दिसणार. आमच्याकडे आले ते नुसते शब्द, एकाखाली एक. वाक्य एकही नाही. अनिकेत खुशीत होता. "वाचायची भानगडच नाही, गाइज! शब्द बघा, क्लिक करा. शुक्रवारपर्यंत संपवलं तर पुढचं मोठं काम आपल्याला. नाही संपवलं, तर ही टीमच राहणार नाही, हे मला वरून स्पष्ट सांगितलंय."

आम्ही लागलो. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे हिरवी पट्टी वाढत जायची. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या पट्ट्या वाढल्या. सरांच्या नावापुढे काहीच नव्हतं. अनिकेत त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"सर, काही प्रॉब्लेम आहे का टूलमध्ये?"

"टूल ठीक आहे. वाक्य नाही."

"सर, हे बघा, 'वेल'. सोपा आहे. वेल म्हणजे नीट, चांगलं. क्रियाविशेषण. क्लिक."

"विहीर पण."

"अहो सर, बहुतेक वेळा नीटच असतं."

"आणि उरलेल्या वेळा?"

"उरलेल्या वेळा चुकेल. चालतं तेवढं. ॲक्सेप्टेबल आहे."

"कुणाला?"

 अनिकेत म्हणाला, "सर, प्लीज. माझी नोकरी आहे." सर म्हणाले, "माझी पण तीच आहे."

दुसऱ्या दिवशीही सरांच्या नावापुढे काही उमटलं नाही. आता टीममध्ये कुजबूज सुरू झाली. श्रुती सरळ म्हणाली, "एकट्याच्या हट्टापायी आपण सगळे घरी जाणार." मलाही राग आला होता. बाबांचं छपाईचं दुकान बंद झाल्यापासून घर माझ्या पगारावर चालत होतं. बुधवारी सकाळी बसमध्ये मी सरांना ऐकवलंच.

"सर, तुमचं व्याकरण बरोबर असेल. पण हे काम गेलं तर आमचं काय? तुमची मुलगी कमावती आहे. माझ्या घरी मीच आहे."

आवाज बहुधा जास्तच चढला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. सर कर्वेनगर येईपर्यंत खिशातली पेनं सारखी करत राहिले. मला वाटलं, दुखावले.

"तुमचं बरोबर आहे," मग ते म्हणाले. "मी नाही म्हणून बसून राहिलो. नाही म्हणणं हे अर्धंच काम झालं."

"मग उरलेलं अर्धं?"

"विचारायला पाहिजे कुणाला तरी."

गुरुवारी दुपारी क्लायंटबरोबर आठवड्याची मीटिंग असायची, स्क्रीनवर. बोलायचं फक्त अनिकेतनं, बाकीच्यांनी मागे बसून माना डोलवायच्या, असा रिवाज. स्क्रीनवर बंगळूरच्या मॅडम होत्या. अनिकेत सांगत होता की सगळं ट्रॅकवर आहे, आणि त्याच्या खांद्यामागून सर हळूहळू चित्रात आले. कॅमेऱ्यात आधी पांढरा शर्ट, मग दोन पेनं, मग चेहरा. अनिकेतनं हातानं मागे व्हा अशी खूण केली. सर मागे झाले नाहीत.

त्यांचं इंग्रजी सावकाश होतं. प्रत्येक शब्द हातात घेऊन, पुसून, मांडून ठेवल्यासारखं. त्यांनी एकच गोष्ट विचारली: मॅडम, हे शब्द तुम्हाला कुठून मिळाले?

"गोष्टींमधून," मॅडम म्हणाल्या. "ॲपमधल्याच गोष्टी."

"म्हणजे ह्या प्रत्येक शब्दाच्या आधी आणि नंतर काहीतरी होतं."

"अर्थात. वाक्यं आहेत ना."

"कुठं आहेत?"

"माझ्याकडे. फाईल तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "ह्याआधी ज्यांच्याकडे काम होतं, त्यांनी सांगितलं की वाक्यांमुळे वेळ जातो, काढून टाका. तुम्हाला हवी आहेत का? तुमच्याकडून कुणी मागितलीच नाहीत."

 अनिकेतनं टेबलावरचं पाणी उचललं आणि न पिता परत ठेवलं. मॅडमनी विचारलं, मग शुक्रवारचं काय? सर म्हणाले, शुक्रवारी आम्ही चुकीचं देऊ, थोडे दिवस दिलेत तर बरोबर देऊ. त्यावर अनिकेतनं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं, घसा खाकरून सांगितलं, "येस मॅडम. सर म्हणतात ते बरोबर आहे." मॅडमनी मुदत वाढवून दिली आणि फाईल त्याच संध्याकाळी आली.

आता गोष्टीत ह्यानंतर टाळ्या वाजायला हव्यात. आमच्याकडे टाळ्या वाजल्या नाहीत. केलेलं सगळं काम पुन्हा करायचं होतं. भिंतीवरच्या सगळ्या हिरव्या पट्ट्या पुसल्या गेल्या आणि आम्ही सगळे सरांच्या बरोबरीला आलो. श्रुती त्यांच्याशी बोलेना. डबा खायला बसलो की सरांच्या बाजूची खुर्ची रिकामी राहायला लागली. सरांना त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. रिकाम्या खुर्चीवर डब्याचं झाकण ठेवायचे आणि तोंडातल्या तोंडात वाक्यं म्हणत जेवायचे.

एका दुपारी माझ्या स्क्रीनवर एक वाक्य आलं. एक बकरी होती आणि ती चरता चरता 'वेल'मध्ये पडली. मी थांबले. हाच शब्द यादीत मला आला होता आणि मी डोळे झाकून क्रियाविशेषण दाबून पुढे गेले होते. म्हणजे कुठल्यातरी गावात एखादी मुलगी ही गोष्ट वाचणार होती, त्या शब्दावर बोट ठेवणार होती आणि तिला दिसणार होतं की बकरी 'चांगल्या प्रकारे' मध्ये पडली. तिला वाटलं असतं, आपल्यालाच इंग्रजी कळत नाही.

मी उठले आणि सरांना बोलावून आणलं. स्क्रीनकडे बोट केलं. त्यांनी वाक्य म्हणून बघितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि त्यांना तो हक्कही होता. पण सरांच्या कपाळाला आठी पडली.

"निघाली का बाहेर?"

"कोण?"

"बकरी."

"सर, मी एवढंच वाक्य केलंय."

"मग पुढचं बघा ना! ती आत आहे आणि तुम्ही मला काय दाखवताय?"

मी पुढची वाक्यं काढली. आम्ही दोघंही वाकून वाचायला लागलो. मुलांनी दोर आणला, दोर लहान पडला. सर म्हणाले, "अरे देवा." मग कुणाच्यातरी आईनं तिची साडी दिली. एव्हाना श्रुती मागे येऊन उभी होती आणि तिच्या मागे अजून दोघं. साडी दोराला बांधली, एक मुलगा खाली उतरला, आणि बकरी वर आली.

"निघाली," श्रुती म्हणाली.

"झालं मग," सर म्हणाले आणि जागेवर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर झाकण ठेवायला जागा नव्हती. तिथं श्रुतीचा डबा होता.

पुढचं मोठं काम आम्हालाच मिळालं. वर्षभर पुरलं. मग ज्या मशीनला आम्ही शिकवत होतो, ते शिकलं. आमच्याहून जरा कमी बरोबर, पण न जेवता, न थांबता. फर्निचरच्या दुकानावरचं ऑफिस बंद झालं. आम्ही एकमेकांचे फोटो काढले, सरांनी सगळ्यांशी हात मिळवले, आणि अनिकेत चक्क रडला. सर त्याला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही घसा खाकरलात, ते माझ्या लक्षात आहे." अनिकेत अजून जोरात रडला.

त्यानंतर महिनाभरानं सर आणि मी बाणेरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. मशीननं केलेल्या कामातल्या चुका पकडायला त्यांना माणसं हवी होती. ती जागा शेवटी कुणाला मिळाली ते आधीच सांगून टाकते: सरांना. अजून तिथंच आहेत, आणि ऐकते की तिथलं मशीनही त्यांना वैतागलं आहे. मला कंपनीनं घेतलं नाही. मी आता घराजवळच एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासते आणि मजेत आहे.

पण ती मुलाखत. चौघांना एकदम आत बोलावलं होतं. टेबलापलीकडे एचआरची एक तरुण मुलगी, समोर लॅपटॉप. तिनं हसून सांगितलं, "प्लीज प्रत्येकानं स्वतःचं वर्णन तीन विशेषणांत करा."

पहिला मुलगा म्हणाला, मेहनती, प्रामाणिक, पॅशनेट. दुसरा म्हणाला, प्रामाणिक, मेहनती आणि टीम प्लेअर. मी त्यातलीच दोन घेतली आणि वर 'शिस्तप्रिय' लावलं. मग सरांची पाळी.

"विशेषणं मी नाही देणार," सर म्हणाले.

"का सर?"

"ती आपली आपण लावायची नसतात. दुसऱ्यांनी लावायची. क्रियापदं हवी असतील तर सांगतो."

ती मुलगी जरा गोंधळली. "चालेल, क्रियापदं सांगा."

"वाचतो," सर म्हणाले. "विचारतो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्यातला एक जण खोकला. "आणि थांबतो."

"थांबता म्हणजे?"

"कळेपर्यंत थांबतो."

तिनं लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. इतरांच्या वेळी तिला बराच वेळ लागला होता, ह्यावेळी एकच शब्द असावा. सर पुढे वाकले.

"काय लिहिलंत?"

"सर, ते कॉन्फिडेन्शियल असतं."

"माझ्याबद्दलच आहे ना?"

तिनं आमच्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं लॅपटॉप सरळ सरांकडे वळवला. माझ्या खुर्चीवरूनही वाचता येत होतं. त्यांच्या नावापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, 'डिफिकल्ट'.

सरांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ओठ हलवत तो शब्द एकदा म्हणून बघितला.

"स्पेलिंग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि चष्मा परत खिशात ठेवला.